स्टिअरिंगचा सेन्सर घरी बदलू का?

गॅरेजमधून : वाचकांचे प्रश्न, नाशिकच्या ऑटो इलेक्ट्रिशियनची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझ्याकडे २०१३चा डबल कॅब पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेला. गेल्या पावसाळ्यापासून गाडी घसरल्याचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. कधी आपोआप जातो, गाडी खड्ड्यात आदळली की परत येतो. ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा दिवा लागत नाही, ब्रेक नेहमीसारखे लागतात. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून 'यू-०१२६' असा कोड लिहून दिला आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर गेला म्हणाला. दुसरा म्हणतो अख्खा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा स्विच, बदलावा लागेल. नव्याची किंमत ऐकून मी भंगारातल्या गाडीचा सेन्सर मिळवून ठेवलाय. मेहुण्याकडे गोटीपान्यांचा सेट आहे. घरीच बदलला तर चालेल का? स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे.

उत्तर : दादा, हात चालणाऱ्या माणसाला हा सेन्सर घरी बदलता येतो. स्टिअरिंग काढायचं, सेन्सर सोडवायचा, दुसरा बसवायचा, ह्यात फार अवघड काही नाही. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी सेन्सरच गेलाय हे पक्कं करावं लागतं. नंतर 'सरळ म्हणजे कुठे' हे गाडीला नव्याने शिकवावं लागतं. ह्या दोन गोष्टी सोडून नुसता भाग बदललेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि दिवा तसाच पेटलेला असतो.

तुम्हाला दिलेला कोड पुन्हा बघा. 'यू' ने सुरू होणारे कोड गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याचे असतात. यू-०१२६ चा अर्थ इतकाच, की स्टिअरिंग अँगल सेन्सरकडून निरोप येणं थांबलं. सेन्सर खराब झाला असं हा कोड कुठेही म्हणत नाही. सेन्सर मेला असेल, त्याचा करंट तुटला असेल, अर्थिंगची वायर सुटली असेल, कपलर (वायरी जोडणारा प्लग) ढिला असेल, नाहीतर निरोपाची वायर उंदराने कुरतडली असेल, सगळ्याला कोड हाच. त्यात तुम्ही स्वतःच लिहिलंय की दिवा पावसाळ्यात सुरू झाला आणि खड्ड्यात आदळल्यावर येतो-जातो. मला ह्यात सेन्सरपेक्षा वायरिंगचा वास जास्त येतोय.

एबीएसचा दिवा लागत नाही हे कळवलंत ते फार बरं केलंत. दोन्ही दिवे एकदम लागले असते तर मी आधी चाकांजवळचे स्पीड सेन्सर बघायला सांगितले असते. एबीएसला स्टिअरिंगच्या कोनाशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त चाकांचा वेग लागतो. बागेतल्या चिखलात फिरणाऱ्या गाड्यांमध्ये हबजवळची वायर तुटणं नेहमीचं आहे.

आता हा सेन्सर करतो काय, ते थोडक्यात. तो स्टिअरिंगच्या खाली, कॉलमवर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या नळीवर बसतो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन-साडेतीन फेरे फिरतं, त्यामुळे नुसतं 'तीस अंश' म्हणून भागत नाही, कितव्या फेऱ्यातले तीस हेही कळावं लागतं. म्हणून बऱ्याच सेन्सरांत एक मोठं दातेरी चक्र दोन छोट्या चक्रांना फिरवतं, आणि त्या छोट्या दोघांच्या दात्यांची संख्या वेगळी असते. दोघांत लोहचुंबक असतात, खालची चिप त्यांची दिशा वाचते. तासकाटा आणि मिनिटकाटा मिळून जशी नेमकी वेळ सांगतात, तशी ही दोन चक्रं मिळून स्टिअरिंगची नेमकी जागा सांगतात. काही जुन्या गाड्यांत चुंबकांऐवजी फटींची चकती आणि प्रकाशाचा सेन्सर असतो. तिथे धूळ हा मोठा शत्रू.

हा कोन स्टॅबिलिटी कंट्रोलला जातो. ड्रायव्हरला कुठे जायचंय हे स्टिअरिंगवरून कळतं, गाडी खरंच किती वळतेय हे दुसऱ्या सेन्सरवरून कळतं. दोन्ही जुळलं नाही तर कॉम्प्युटर एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणतो. कोनच मिळेनासा झाला की ही यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. म्हणजे आज तुमची गाडी चालते, थांबते, एबीएसही काम करतं. पण ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटला तर सावरायला यंत्रणा नाही. दुरुस्ती होईपर्यंत क्रेट भरून राहुड घाट उतरताना हे लक्षात ठेवा आणि वेग उतरणीच्या आधीच कमी करा.

आधी काय तपासायचं

बॅटरीपासून सुरुवात करा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की ह्या यंत्रणा उगाच कोड धरून बसतात. टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर ती साफ केल्याशिवाय पुढे जाऊच नका. मग फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघू नका, चावी ऑन करून दोन्ही टोकांना टेस्टर लावा.

त्यानंतर स्टिअरिंग कॉलमच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर. ते काढताना एअरबॅगला हात लागत नाही, पण बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच काम करा. सेन्सरचा कपलर सापडला की घाईने ओढू नका. आधी टॉर्च मारून बघा, त्याची लॉकची जीभ पूर्ण बसलेली आहे का. मग लॉक दाबून कपलर सोडवा आणि पिना भिंगाखाली बघा. चांगली पिन चकचकीत असते. तुमच्याकडच्या गाड्यांत मला हिरवट, पावडरसारखा थर दिसतो. बागेत फवारणी करून तसंच गाडीत बसायचं, मोरचुदाचा हात डॅशबोर्डला लागायचा, मागच्या सीटवर औषधाचे डबे, आणि आठवड्याने केबिन पाइप लावून धुवायची. तांब्याचं औषध आणि पाणी दोन्ही कपलरला बाधतं. एखाद्या पिनेवर हिरवा ठिपका असेल, किंवा मादीच्या बाजूची पट्टी पसरून सैल झाली असेल, तर खड्ड्यात आदळल्यावर संपर्क तुटणारच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, पिनेवरचा मुलामा निघतो आणि ती आणखी लवकर गंजते. सैल पट्टी बारीक सुईने अलगद जवळ घ्या. पुष्कळदा काम इथेच संपतं.

नाही संपलं तर मल्टिमीटर. बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि कपलरच्या वायरिंगच्या बाजूला करंट आणि अर्थिंग येतंय का बघा. एअरबॅगची वायरिंग पिवळ्या कपलरची असते, तिला मीटर लावायचा नाही, हे आत्ताच मनावर घ्या. मग चावी काढून बॅटरी पुन्हा सोडवा आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. ह्या दोन पिना निरोपाच्या मुख्य वायरींच्या. वायरींच्या ह्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर ६०च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एका टोकाची जोडणी तुटली आहे. अगदी शून्याजवळ आला तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ह्या दोन्हींत सेन्सर बदलून काही होणार नाही. तुमच्याकडे गोदामात उंदीर असणार, तेव्हा डॅशच्या खालून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे जाणारी वायरिंग हाताने चाचपा.

शेवटची परीक्षा स्कॅनरवर. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल बहुधा इंजिनचेच कोड वाचतात, त्याच्या नादी लागू नका. एबीएस मॉड्यूल वाचणारा स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे जा. कोड वाचून झाल्यावर त्याला म्हणा, 'लाइव्ह डेटा लावा, मला स्टिअरिंगचा कोन बघायचाय.' गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन चालू. आकडा शून्याच्या जवळ हवा. मग स्टिअरिंग अगदी सावकाश एका बाजूला पूर्ण फिरवा. साडेतीन फेऱ्यांच्या गाडीत एका बाजूला सहाशे अंशांच्या वर जाईल. आकडा सलग वाढला पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही तसाच, फक्त चिन्ह उलटं.

आकडा एकाच ठिकाणी दर वेळी उडी मारत असेल, ४५ वरून एकदम ३८० वगैरे, तर सेन्सर गेला. स्टिअरिंग न हलवता कॉलमची उंची खालीवर केली, वायर हलवली आणि आकडाच गायब झाला, तर वायरिंग. आणि आकडा दोन्हीकडे मऊसूत धावतोय, फक्त सरळ असताना १२ दाखवतोय, तर सेन्सर ठणठणीत आहे. तिथे अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत जुळवणं) किंवा शून्याची सेटिंग चुकली आहे.

भंगारातला सेन्सर

दुसरा गॅरेजवालाही कदाचित खरं सांगत असेल. काही गाड्यांत सेन्सर सुटा असतो, काहींत क्लॉकस्प्रिंगबरोबर (एअरबॅगला करंट पोचवणारी, गुंडाळलेल्या वायरीची गोल डबी) जोडलेला, काहींत कॉम्बिनेशन स्विचच्या बुडालाच. जुना भाग हातात आल्यावरच कळेल, किंवा गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. भंगारातल्या भागाचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. दिसायला सारखे दोन सेन्सर आतून वेगळे असू शकतात. शिवाय काही सेन्सर आधीच्या गाडीचं शून्य लक्षात ठेवून असतात, ते स्कॅनरने पुसावं लागतं. काही तर पहिल्या गाडीशी बांधलेले असतात आणि दुसरीकडे चालतच नाहीत. तेव्हा बसवण्याआधी त्या इलेक्ट्रिशियनला नंबर दाखवून विचारा, 'हा ह्या गाडीत शिकवता येतो का?' तो नाही म्हणाला तर भंगारवाल्याला परत द्या. सेन्सरसोबत क्लॉकस्प्रिंगही आलं असेल आणि त्या गाडीची एअरबॅग अपघातात फुटलेली असेल, तर ते क्लॉकस्प्रिंग वापरू नका.

बदलताना

इथे मी तुम्हाला जरा धरून ठेवणार आहे, कारण एअरबॅगमध्ये बार भरलेला असतो आणि तो तुमच्या छातीसमोर असतो.

गाडी सपाट जागी लावा, पुढची चाकं अगदी सरळ, स्टिअरिंग सरळ, चावी बाहेर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, त्याला टेप गुंडाळा आणि बाजूला बांधा, म्हणजे ते उसळून परत टेकणार नाही. आता थांबा. एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही त्यात काही काळ चार्ज राहतो. गाडीच्या पुस्तकात ही वेळ दिलेली असते, कुठे दीड मिनिट, कुठे जास्त. तुम्ही दहा मिनिटं थांबा. रेडिओची सेटिंग जाऊ नये म्हणून काहीजण सॉकेटमध्ये छोटी बॅटरी लावून ठेवतात. एअरबॅगच्या कामात ती कधीही लावायची नाही.

एअरबॅग स्टिअरिंगच्या मागच्या किंवा बाजूच्या भोकांतून सुटते. कुठे ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू, कुठे स्प्रिंगच्या क्लिपा. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवून अंगातली वीज घालवा. पिवळा कपलर लॉक काढून सोडवा. एअरबॅग उचलून नेताना तिचं तोंड अंगापासून लांब धरा, आणि ठेवताना तोंड वर करून सावलीत, सपाट जागी, पोरांच्या हाताला न येईल अशी ठेवा. पालथी ठेवलेली बॅग फुटली तर अख्खी उडते. आणि पुन्हा सांगतो, तिच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही. रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतःचा थोडा करंट सोडतो.

आता मधला नट. तो सोडण्याआधी पांढऱ्या पेंट मार्करने शाफ्टवर आणि स्टिअरिंगच्या हबवर मिळून एक रेघ मारा. नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे तसेच राहू द्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आलटून पालटून स्वतःकडे ओढा. अडकलेलं स्टिअरिंग एकदम सुटलं तर नट त्याला अडवतो, नाहीतर ते तोंडावर येतं. नाही सुटलं तर पुलर लावा. शाफ्टवर हातोडा मारू नका. अपघातात आत सरकण्यासाठी कॉलममध्ये मुद्दाम नाजूक जोड ठेवलेले असतात, बेअरिंग असतं, आणि तुमचा सेन्सर तिथेच असतो.

स्टिअरिंग निघालं की समोर गोल डबी दिसेल ती क्लॉकस्प्रिंग. तिच्या आत पट्टीसारखी वायर गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरतं तशी ती उलगडते आणि गुंडाळते, आणि एअरबॅग, हॉर्नला करंट पोचवते. ही डबी मधोमध असताना दोन्हीकडे पुरेसे फेरे शिल्लक असतात. काढल्यावर ती हातात एक फेरा जरी फिरली आणि तशीच बसवली, तर एके दिवशी पूर्ण वळणावर पट्टी ताणून तुटते. मग हॉर्न जातो आणि एअरबॅगचा लाल दिवा लागतो. म्हणून बाहेर काढण्याआधीच तिच्या फिरत्या आणि स्थिर भागावर मिळून टेप चिकटवा. चुकून फिरलीच तर पुस्तकात दिल्याप्रमाणे मध्य काढा. बहुतेक डब्यांवर बाणाची खूण असते, एका टोकाला हलक्या हाताने अडेपर्यंत नेऊन सांगितलेले फेरे मागे यायचं. जोर लावायचा नाही. आणि स्टिअरिंग निघालेलं असताना पुढची चाकं कोणी हलवू नयेत. मेहुण्यांना सांगून ठेवा, गाडी ढकलायची नाही.

क्लॉकस्प्रिंगच्या मागे सेन्सर. दोन-तीन स्क्रू किंवा क्लिपा, एक कपलर. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दुसरा सेन्सर बसवताना त्याच्या आतल्या कड्याचे दात शाफ्टच्या खाचेत बसले का बघा, तिरका दाबला तर प्लास्टिक तुटतं. काही नव्या सेन्सरांना आणि क्लॉकस्प्रिंगना मध्यावर धरून ठेवणारी पिन किंवा स्टिकर असतं, ते जागेवर बसवल्यानंतरच काढायचं.

पुढचं सगळं उलट्या क्रमाने. रेघ जुळवून स्टिअरिंग, मग नट. काही कंपन्या नट दर वेळी नवा टाकायला सांगतात, तसं असेल तर काटकसर करू नका. नट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), पुस्तकातल्या आकड्यावरच आवळा. 'हाताने घट्ट' हे माप स्टिअरिंगच्या नटाला चालत नाही. टॉर्क रेंच नसेल तर सातपूर-अंबडच्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये असतं, दहा मिनिटांसाठी मागून आणा. पिवळा कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, एअरबॅग लावा. बॅटरी सर्वात शेवटी जोडायची, आणि तेव्हा केबिनमध्ये कोणीही बसलेलं नको. पहिल्यांदा चावी ऑन करताना बाजूने हात घाला, अंग एअरबॅगच्या समोर नको. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. राहिला तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शून्य शिकवणं

भाग बसला तरी कोड लगेच जाईल असं नाही. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत दिवा राहतो आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की जातो. पण सेन्सर बदलल्यावर बहुतेक गाड्यांना स्कॅनरने कॅलिब्रेशन लागतं. ते करण्याआधी चारही टायरची हवा बरोबर करा आणि अलाइनमेंट बघा. अलाइनमेंट आधी, शून्य नंतर. उलटं केलं तर तिरकं स्टिअरिंगच 'सरळ' म्हणून गाडी लक्षात ठेवते. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत, स्टिअरिंग सरळ धरून शून्य सेट करा. मग लाइव्ह डेटा पुन्हा बघा, दोन्ही टोकांपर्यंत. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर आधी हळू, मग साठच्या वेगाने चालवा. हे होईपर्यंत माल भरू नका. हंगाम तोंडावर असला तरी.

तुमच्या भागात स्कॅनरवाला नसेल तर पिंपळगावला किंवा नाशिकला येण्याची वेळ आधीच ठरवून मग पाना हातात घ्या. एअरबॅगचा दिवा आधीपासूनच लागलेला असेल, तर मात्र घरी करू नका.

---

प्रश्न : मी नाशिकरोडहून लिहितेय. आमची सात सीटर गाडी भाड्याने चालते, मिस्टर चालवतात. नवीन टायर टाकून अलाइनमेंट केल्यापासून कसारा घाटात वळणावर अचानक 'गर्रर्र' आवाज येतो, एक्सलेटर दाबूनही गाडी ओढत नाही, आणि गाडी एका बाजूला किंचित खेचते. दिवा लुकलुकतो आणि जातो. आता सेन्सर बदलायला सांगतायत. बदलू का?

उत्तर : ताई, नका बदलू. आणि हे दुरुस्त होईपर्यंत मिस्टरांना घाटात भाडं घेऊ देऊ नका.

अलाइनमेंट करताना टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकांना पोचवणारे दांडे, फिरवून चाकं सरळ केली जातात. आधी स्टिअरिंग तिरकं होतं आणि आता सरळ झालं, किंवा उलटं, तर सेन्सरच्या लेखी 'सरळ' अजून जुनंच आहे. गाडी सरळ चाललेली असताना त्याला वाटतं ड्रायव्हर वळवतोय, आणि वळणावर हा फरक मोठा दिसला की यंत्रणा गाडी घसरतेय असं समजून इंजिनची ताकद कमी करते आणि एका चाकाला ब्रेक लावते. तो 'गर्रर्र' आवाज ब्रेकच्या पंपाचा. दिवा लुकलुकतो म्हणजे यंत्रणा त्या क्षणी काम करतेय, बंद पडलेली नाही.

अलाइनमेंटवाल्याकडे परत जा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा लोगो आडवा सरळ दिसतो का ते आधी त्याला दाखवा. नसेल तर ते त्याने दुरुस्त करावं, मग स्कॅनर लावून शून्य सेट करावं. टायरही बघून घ्या, चारही एकाच साइझचे आहेत ना? पुढे-मागे वेगळ्या घेराचे टायर असतील तर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि असाच गोंधळ होतो.

---

प्रश्न : रामराम भाऊ. घोटीचा ड्रायव्हर आहे, २००८ची सहाचाकी गाडी. पॉवर स्टिअरिंग एकाएकी जड झालंय. मिस्त्री म्हणतो स्टिअरिंगचा सेन्सर गेला, मागवावा लागेल. शेठ पैसे द्यायला तयार आहे.

उत्तर : रामराम. शेठचे पैसे वाचवा. तुमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग निव्वळ तेलाच्या दाबावर चालतं, त्यात बदलण्यासारखा असला सेन्सर नाही.

तेलाच्या डबीपासून बघा. तेल कमी आहे का, काळं झालंय का, इंजिन चालू असताना फेस येतोय का. फेस म्हणजे कुठून तरी हवा ओढतेय, सक्शनचा पाइप आणि क्लिपा बघा. डबीतला फिल्टर कित्येक गाड्यांत कोणी उघडलेलाच नसतो. पुढच्या टायरची हवा मोजून घ्या, काठी मारून नाही.

मग जॅकवर पुढचा एक्सल उचला, खाली लाकडी ठोकळे द्या. इंजिन बंद ठेवून चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. तिथेच जड लागलं तर दोष बहुधा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो जाड खिळा) किंवा जोडांमध्ये आहे, पंपात नाही. किंगपिनला ग्रीस आत जातंय का बघा, निपल बंद झालेलं असतं आणि ग्रीस बाहेरूनच पसरतं. चाक हलकं फिरतंय, पण गाडी खाली उतरवून इंजिन चालू केलं की स्टिअरिंग जडच, तर पंपाचा दाब गेजवर मोजायला लावा. दाब कमी आला तर पंप. दाब बरोबर असून जड, तर स्टिअरिंग बॉक्स उघडावा लागेल. तो उघडायला चांगला स्टिअरिंगवालाच बघा. आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे चौकशी केलीत तर तुमचेच ड्रायव्हर भाऊ नाव सांगतील.

---

प्रश्न : दादा, माझा भाजीचा छोटा टेम्पो आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा. पहाटे मार्केट यार्डात गर्दीत मागे-पुढे करताना स्टिअरिंग हळूहळू जड होतं. घरी येईपर्यंत परत हलकं. दिवा क्वचितच लागतो. 'टॉर्क सेन्सर' ऑनलाइन मिळतो असं भाच्याने दाखवलं. मागवू का?

उत्तर : ताई, मागवू नका. तुमचा टॉर्क सेन्सर बहुधा चांगलाच आहे.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये तेल नसतं, मोटर असते. उभ्या गाडीत, भरलेला माल घेऊन, स्टिअरिंग पुन्हा पुन्हा टोकापर्यंत फिरवलं की मोटर सर्वात जास्त करंट खाते आणि तापते. जळू नये म्हणून कॉम्प्युटर तिची मदत मुद्दाम कमी करतो. थंड झाली की पूर्ववत. तुम्ही लिहिलंय तसंच. गाडी थोडी सरकत असताना स्टिअरिंग फिरवा आणि टोकाला दाबून धरू नका, फरक त्याच दिवशी कळेल. पुढच्या टायरची हवा कमी असेल तर मोटरवर ताण आणखी वाढतो, तीही भरून घ्या.

टॉर्क सेन्सर म्हणजे हाताचा जोर मोजणारा भाग. तो कॉलमच्या आत एका बारीक पिळणाऱ्या दांड्यावर बसवलेला असतो आणि कारखान्यातच जुळवलेला असतो. तो घरी उघडून बदलायचा भाग नाही. तो खरंच गेला तर बहुतेक वेळा कॉलम जोडणीसकट बदलतात. तुमच्या निफाडच्या दादांना मी सेन्सर घरी बदलायला हो म्हटलं, तुम्हाला नाही म्हणतोय, कारण तो सेन्सर चुकला तर यंत्रणा बंद होते, हा चुकला तर स्टिअरिंग भलतीकडे ओढू शकतं.

दिवा क्वचित लागतो त्यासाठी बॅटरीचं वय बघा, आणि बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या जाड वायरी सोडवून, बूड घासून, परत घट्ट करा. स्टिअरिंगच्या मोटरला मोठा करंट लागतो. भाजीच्या टोपल्यांतून गळणारं पाणी केबिनच्या मागच्या बाजूला कुठे साचतं तेही एकदा वाकून बघा, अर्थचा बोल्ट तिथेच गंजलेला सापडायची शक्यता आहे.